मामांच्या मालकीचं राष्ट्रीय उद्यान

उभ्या महाराष्ट्रात स्वतःच्या मालकीचं राष्ट्रीय उद्यान असलेला एकच इसम आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. सरकारचा या बाबतीत थोडा गैरसमज आहे. सरकारला वाटतं, चांदोलीचं जंगल सरकारचं. त्यांनी तशा पाट्या लावल्या आहेत, चौक्या बांधल्या आहेत, खाकी कपड्यांतली माणसं नेमली आहेत. आपण चार दिवस परगावी जावं आणि तेवढ्यात शेजार्‍यानं आपल्या अंगणात वाळवण घालावं, तसं मामा या सगळ्याकडे बघतात. वनखात्याच्या मोठ्या साहेबांना त्यांनी एकदा तोंडावर सांगितलं होतं, "राखण करताय ते बेस करताय, पर मालकाला इच्यारून करत चला." साहेब नवीन होते, त्यांनी हसून मान डोलावली. तेव्हापासून खात्यानं लेखी कबुली दिल्याच्या थाटात मामा तो किस्सा सांगत असतात.

मामांचं गाव या जंगलाच्या ऐन पोटात होतं. आधी खाली धरण झालं, मग वर उद्यान झालं, आणि मधल्या मध्ये गाव उठलं. सरकारनं मोठ्या मनानं त्यांना जमीन दिली ती कवठे महांकाळच्या अलीकडे, एका माळावर. चार महिने सूर्य न दिसणार्‍या लोकांना बारा महिने सूर्याशिवाय काही दिसणार नाही अशा जागी नेऊन बसवायचं, ही कल्पना ज्या कोणाला सुचली त्याची विनोदबुद्धी वादातीत होती. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा मामा तिथं वडीलधारे म्हणून हजर होते. माझी नोकरी, पगार, घराणं यांपैकी एकाही गोष्टीत त्यांना रस नव्हता. बराच वेळ माझ्याकडे रोखून बघून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पाव्हणं, तुमच्या सातार्‍यात शेकरू हाय का?" मी म्हणालो, नाही. "मग काय हाय?" मी गडबडून म्हणालो, "कंदी पेढे." मामा शांतपणे म्हणाले, "ते झाडावरनं उड्या मारत्यात का?" त्यानंतरही लग्न जमलं, याचं श्रेय मी माझ्या सासूबाईंच्या धीराला देतो.

नव्या गावात येऊन मामांची हयात गेली, पण त्यांच्या शरीरानं आणि मनानं हा बदल अजून मंजूर केलेला नाही. ज्येष्ठ लागला की ते पश्चिमेच्या भिंतीला झाप बांधतात, कारण पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. कोणत्या पश्चिमेकडून, असं विचारायची सोय नाही. चार महिने पुरेल एवढं जळण पडवीत रचलं जातं, मिरच्या-मीठ माळ्यावर चढतं, आणि शेजारीपाजारी उघडे बंब होऊन झाडाखाली पंख्यानं वारा घेत असतात तेव्हा मामा खांद्यावर घोंगडी टाकून ओसरीत तयार बसलेले असतात. पाऊस काही येत नाही. आला तरी धुरळ्यावर ठिपके उठवून, पाव्हणा दारातूनच परत जावा तसा निघून जातो. मग मामा आभाळाकडे बघून तुच्छतेनं म्हणतात, "ह्याला काय पाऊस म्हणायचा? आमच्याकडं ह्याला घाम म्हणत्यात." त्या जळणाच्या ढिगात दरवर्षी विंचू निघतात आणि दरवर्षी मामी तो ढीग उपसतात. या बाईंच्या सहनशक्तीला सरकारनं कधीच संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर करायला हवं होतं.

जंगल आपल्याकडे येत नसेल तर आपण ते इथं उभं करू, असाही एक काळ मामांनी गाजवला. पाटण, शिराळा, जिकडून मिळतील तिकडून त्यांनी रोपं आणली. हिरडा आणला, ऐन आणला, कारवी आणली, माकडलिंबू आणलं. ही सगळी मंडळी माळावर आली, त्यांनी आजूबाजूला एक नजर टाकली आणि एकामागून एक प्राण सोडले. एका फणसानं मात्र काय मनात धरलं कोण जाणे, तो जगला. जगला म्हणजे मेला नाही, एवढंच. वर्षानुवर्षं तो गुडघ्याएवढाच आहे. मामा त्याला आपल्या अंघोळीचं पाणी घालतात, थंडीत मुळाशी पालापाचोळा पांघरतात, आणि उन्हाळ्यात दुपारच्या वेळी त्याच्यावर छत्री धरून बसतात. मी पहिल्यांदा ते दृश्य पाहिलं तेव्हा मामी दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "आवं, लग्न हून सासरी आले तवा रस्त्यानं धो धो पाऊस हुता. तवा छत्री त्यांच्याच डुईवर हुती. आता बगा." मामा तिकडूनच ओरडले, "तू भिजून वाळलीस. ह्यो वाळला तर संपला!"

मामांचा इतिहासाचा व्यासंग दांडगा आहे. त्याला कागदपत्रांचा अडथळा नाही, त्यामुळे तो फार वेगानं पुढे जातो. कोकणातून देशावर आलेली प्रत्येक फौज मामांच्या गावातूनच आली. दुसरी वाट होती, पण ती माणसं शहाणी होती म्हणून या वाटेनं आली. प्रचितगडावर जाताना महाराज त्यांच्या झर्‍यावर थांबले, घोड्यानं पाणी प्यायलं आणि ते इतकं गोड लागलं की घोडा पुढं जाईना. "मग काय झालं?" असं मी एकदा विचारलं. "काय हुनार? आमच्या पंज्याच्या पंज्यानं समजूत काढली." महाराजांची? "न्हाई वं, घोड्याची." असे संवाद झाले की मी माझं बी.ए.चं प्रमाणपत्र मनातल्या मनात घडी घालून ठेवून देतो.

एकदा आमच्या कचेरीतल्या मंडळींना चांदोलीची सफर करायची हुक्की आली. मी बोलून गेलो की आमचे मामा तिकडचेच आहेत. पहाटे मंडळी शिराळ्याला पोचतात तो मामा डोक्याला मुंडासं बांधून स्टँडवर हजर. पर्यटकांच्या फाटकावर तिकीट काढावं लागतं म्हटल्यावर त्यांनी पहिली अर्धी सकाळ "सोताच्या घरात शिराया तिकीट?" या एका विषयात खर्च केली. शेवटी मी गुपचूप त्यांचं तिकीट काढलं आणि त्यांना ते न दाखवता गाडीत बसवलं. आत शिरल्यावर मामा जे सुरू झाले ते थांबेनात. हा ओढा कोणाचा, ते पाणंदीतलं आंब्याचं झाड कोणाच्या आजीनं लावलं, कुठल्या कड्यावरून कोणाची म्हैस पडली. बरोबर दुर्बिणी घेतलेली आमची मंडळी वाघाच्या आशेनं झाडीत डोळे लावून बसलेली, आणि मामा त्यांना मेलेल्या म्हशींच्या वंशावळी ऐकवत होते. तेवढ्यात एक गवा खरोखरच रस्त्याच्या कडेला आला. काळा, थोराड, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. सगळ्यांचे हात कॅमेर्‍यांकडे गेले. मामा मात्र पुढच्या सीटवर उभे राहिले आणि खड्या आवाजात म्हणाले, "हाट्! पाटलाच्या शिवारात काय करतोयस रं?" गव्यानं मान वर करून एकदा बघितलं आणि तो खरोखरच वळून झाडीत गेला. फोटो एकाचाही निघाला नाही. आमचे हेडक्लार्क पुढे कित्येक दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होते.

अलीकडे विदर्भातून वाघीण आणून या डोंगरात सोडली, तेव्हा पेपरात तिचे फोटो आले. मला वाटलं, मामा खवळणार. माणसं उठवली आणि वाघ आणून वसवले, असं काही तरी ऐकवणार. मी मुद्दाम फोन केला. तर मामांचा आवाज चक्क हळवा. "तिला लय लांबनं आनलंय म्हनं. गुंगीचं विंजेक्शन दिऊन. डोळं उघाडलं तर समदं येगळंच." मी म्हणालो, हो. "तिकडं ऊन असतंय. हिकडं पाऊस. तिला मानवंल का?" मग एकदम जुना सूर लागला, "तिला रेशनकार्ड दिलं का न्हाई अजून? आमाला दोन वरसं दिलं नव्हतं. तिला सांगा, तलाठ्याकडं हेलपाटं घालावं लागत्याल." त्या दिवसापासून वाघिणीची त्यांना काळजी लागून राहिली. ती जुन्या गावाच्या बाजूला आली का, खाती का, याची चौकशी ते माझ्याकडे करतात, जणू काही ती सातार्‍यात माझ्याच आळीत राहायला आली आहे.

वनखात्याशी मात्र त्यांचं हाडवैर. खात्याचं नाव ते घेत नाहीत, "ती मानसं" म्हणतात. आणि त्या माणसांपुढे वर्षातून एकदा हात जोडायची वेळ येते, हे त्यांचं मोठं दुखणं. जुन्या गावात भैरोबाचं देऊळ आहे, म्हणजे चार भिंती आणि त्यावर गंजका पत्रा. चैत्रात देवाची जत्रा, तेवढ्या एका दिवसासाठी खातं उठलेल्या गावकर्‍यांना आत सोडतं. सकाळी जायचं, पूजा-नैवेद्य करायचा, दिवस मावळायच्या आत बाहेर. एरवी त्या भागात कोणालाच प्रवेश नाही, अगदी दुर्बीणवाल्यांनासुद्धा नाही. मामांचं सगळं वर्ष या एका दिवसाच्या अलीकडे आणि पलीकडे असं वाटलेलं असतं. आणि नेमक्या याच दिवसावर त्यांच्या चुलतभावानं, आप्पांनी, घाला घातला.

आप्पा म्हणजे नव्या गावातले कर्ते पुरुष. द्राक्षबाग, ट्रॅक्टर, गळ्यात चेन, आणि कोणत्याही सभेत स्वतःहून खुर्चीवर जाऊन बसण्याची कला. त्यांनी वसाहतीत नवं देऊळ बांधलं. गुळगुळीत फरशी, रंगीत कळस, चारी दिशांना भोंगे. एवढं सगळं झालं आणि आत देव नाही. म्हणून आप्पांनी ठरवलं की जंगलातला भैरोबा वाजतगाजत खाली आणायचा. म्हातार्‍या माणसांना चढण झेपत नाही, पोरांना रजा मिळत नाही, देवाला रोज दिवा मिळत नाही. आप्पांचं म्हणणं खोटं होतं असं नाही. सगळ्या गावानं माना हलवल्या. एकटे मामा उठून म्हणाले, "देव खाली आला की जत्रा खाली. जत्रा खाली की परवानगी बंद. मग आमी वर जायाचं कुनाकडं म्हनून?" आप्पा म्हणाले, "वर हाय काय आता? झाडं." मामा चप्पल न घालताच सभेतून घरी गेले.

पण देव हलवायचा तर देवाचा कौल घ्यावा लागतो, आणि कौल लावायचा मान थोरल्या घराचा, म्हणजे मामांचा. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. आप्पांचा या प्रथेवर विश्वास होता आणि मामांचा देवावर. म्हणून दोघंही निर्धास्त होते. चैत्रात निघायच्या आदल्या दिवशी मामांचा मला फोन आला, "पाव्हणं, साक्षीला या. ह्यो आप्पा आवाजी मतदान घ्यायचा."

डोंगरात गाडीरस्ता जिथं संपतो तिथं खात्याची चौकी आहे. तिथं एक गार्ड आमची नावं बघून, जास्त लांब जाऊ नका, असं सांगून झाडाखाली बसला. तिकडचाच मुलगा, सगळ्यांना मामा-काका म्हणणारा. आम्ही पायवाटेनं वर चढलो. एका ठिकाणी सगळी मंडळी एकदम थांबली आणि चपला काढू लागली. मला दिसेना कशासाठी. समोर नुसती झाडी. कोणी तरी म्हणालं, "येस आली." गावाची वेस. तिथं ना कमान होती ना दगड, पण चपलांची रांग बरोबर एका रेषेत लागली. पुढे देवळाचा पत्रा झाडांतून दिसत होता, म्हणून मी आपला सरळ कारवीत घुसलो. मागून मामांची हाक आली, "आवं पाव्हणं! कुठं निघालाय?" मी म्हणालो, देऊळ समोरच तर आहे. "समोर हाय. पर मधी तात्याचं सैपाकघर हाय. सरळ आत शिरताय? गल्लीनं या की." मी बघितलं. तिथं कारवी होती, एक वारूळ होतं आणि करवंदीची जाळी होती. मी ओशाळून मागे फिरलो. आणि गंमत म्हणजे, जंगलात वर झाडांशिवाय काही नाही असं म्हणणारे आप्पासुद्धा, डोक्यावर नैवेद्याची पाटी घेऊन, तात्यांच्या नसलेल्या भिंतीला वळसा घालून गल्लीनंच गेले.

वाटेत मामांचं घर लागलं. घर म्हणजे फक्त जोतं उरलेलं, आणि माजघराच्या जागी एक हिरडा वाढलेला. मामा त्याच्याकडे न विचारता आत आलेल्या भाडेकर्‍याकडे बघावं तसं बघत होते. मग त्यांनी उपरण्यानं जोत्याचा दगड झाडला आणि मला म्हणाले, "बसा." मी बसलो. "चा सांगतो," असं म्हणून ते सवयीनं आत वळले, आणि हिरड्याच्या खोडापुढे नुसते उभे राहिले. मी दुसरीकडे बघत बसलो.

देवळात मामांनी कौल लावला. पाकळ्या चिकटवल्या आणि प्रश्न असा काही मांडला की मोठा वकील लाजला असता. "देवा भैरोबा, तुझं हितलं पानी, हितलं झाड सोडून, तिकडं त्या उनात, चटकं बसनार्‍या फरशीवर, आप्पाच्या भोंग्याखाली बसायला जर तुला मनापासनं यायचं आसंल, तरच उजवी दे." उजवी पाकळी गळाली. आप्पांनी "भैरोबाच्या नावानं" म्हणून आरोळी ठोकली. मामा म्हणाले, "वार्‍यानं पडली. ही धरायची न्हाई." पुन्हा पाकळ्या लावल्या. वारा येऊ नये म्हणून मला दारात आडवं उभं केलं. पुन्हा उजवीच. आप्पा हळू आवाजात म्हणाले, आणि त्या वेळी त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, "दादा, त्येलाबी एकट्याला कटाळा आला आसंल." मामा हात जोडून उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

वीतभर उंचीचा, नाकडोळे झिजून गेलेला तो दगडी भैरोबा लाल कापडात गुंडाळून पाटीत ठेवला. हलगी वाजायला लागली. सगळी मंडळी खाली निघाली. मामा पुढे भराभरा चालत कुठं दिसेनासे झाले. मला वाटलं, म्हातारा रागानं एकटाच गाडीत जाऊन बसला असणार. आम्ही चौकीपाशी आलो तर मामा रस्त्याच्या मधोमध उभे, आणि शेजारी गोंधळलेला गार्ड. मामांनी जन्मात पहिल्यांदाच खात्याच्या माणसाला साहेब म्हटलं. "साहेब, ही पाटी बगा."

गार्डनं पाटीत डोकावून पटकन हात जोडले. "मामा, देव हाय की त्यो."

"माझा देव हाय. तुमच्या खात्याचा दगूड हाय. पाव्हणं, त्यो बोर्ड वाचा बगू मोठ्यांदी."

चौकीसमोरचा बोर्ड मी वाचला. राष्ट्रीय उद्यानातून दगड, माती, पान, फूल, लाकूड अथवा इतर कोणतीही वस्तू बाहेर नेण्यास सक्त मनाई आहे. माझा आवाज शेवटी शेवटी बारीक होत गेला, कारण सगळं गाव माझ्याकडे बघत होतं.

"ऐकलं? कोनतीबी वस्तू," मामा म्हणाले. "आता ही मानसं उद्यानातला दगूड पळवून न्यायला लागल्यात. मी तक्रार करतोय. करा कारवाई."

जो माणूस आयुष्यभर या खात्याला चोर म्हणत आला, त्यानं आपलं सख्खं गाव आणि गावाचा देव त्याच खात्याच्या हवाली केला. हलगी मध्येच थांबली. आप्पांचा चेहरा लालबुंद झाला. "घरभेद्या! देवानं दोन बारी उजवी दिली, आनि तू पोलीस बोलावतुयास?"

"देवानं व्हय म्हटलं, ते मला मान्य हाय. पर सरकारनं कुठं व्हय म्हटलंय?"

गार्ड बिचारा कधी देवाकडे बघे, कधी बोर्डाकडे. शेवटी त्यानं वर फोन लावला. वरच्या साहेबांनी काय सांगितलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण गार्ड फोन ठेवून आप्पांपुढे हात जोडून म्हणाला, "काका, माझी नोकरी जाईल. न्हाई नेता येनार." आप्पांनी पाटी मामांच्या पायाशी ठेवली आणि ते गाडीत जाऊन बसले. त्यांच्यामागोमाग एक एक करून सगळे गाडीत जाऊन बसले. देव परत ठेवायला मामा, मी आणि गार्ड, एवढेच उरलो. पाटी काही अंतर मामांनी घेतली, मग मी घेतली. देव जड असतो हे मी कीर्तनात ऐकलं होतं, आता मानेला कळलं. मामांनी भैरोबा जागेवर ठेवला, कापड सोडलं आणि दगडाच्या खांद्यावर हात ठेवून रडायला लागले. "तुझं ऐकलं न्हाई," ते म्हणाले. "तुला यायचं हुतं आनि मी आडवलं. पर तू बी निगून गेलास तर मला हितं कोन येऊ देनार रं?" गार्डनं टोपी काढून हातात धरली होती. मामांना एवढ्या मोठ्यानं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मलाही मग राहवलं नाही.

परतीच्या गाडीत मामांशी कोणी बोललं नाही. त्यानंतर बरेच महिने गावात त्यांच्याशी कोणी बोललं नाही. आप्पांनी नव्या देवळात दुसरा, संगमरवरी भैरोबा आणून बसवला. मामा त्याला "पाव्हणा देव" म्हणतात, पण सकाळी जाताना त्याच्याही पाया पडतात, कारण वैर खात्याशी असतं, देवाशी नसतं. चैत्र जवळ आला तशी मात्र कुरबुर थंडावली. जत्रेच्या गाडीत सगळ्यात आधी जागा धरून बसलेले कोण होते, तर आप्पा.

आणि मामाच नव्हते. हिवाळ्यात गुडघ्यांनी जवाब दिला होता. काठी घेऊन ओसरीपर्यंत येत, त्यापुढे नाही. डॉक्टरनं चढणीचं नावही काढू दिलं नाही. मला बोलावून म्हणाले, "कौल न्हाई लावायचा. नुसतं माझ्या नावानं नारळ द्या आनि या." मी गेलो. चपला काढल्या, गल्लीनं गेलो, नारळ दिला. आप्पांनी न सांगता मामांच्या जोत्यावर एक पणती लावली आणि मला म्हणाले, "त्येला सांगू नगा, न्हाईतर गावभर सांगत सुटंल." जंगल आपल्या जागी होतं. झाडावर शेकरू ओरडत होतं. त्या आख्ख्या गावात आमच्याशिवाय एक माणूस नव्हता.

संध्याकाळी मी परत आलो तेव्हा मामा ओसरीत बसले होते. मला वाटलं होतं, प्रश्नांची सरबत्ती होणार; झर्‍याला पाणी आहे का, पत्रा गळतो का, वाघीण दिसली का. त्यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. मामी आत गेल्यावर जवळ सरकून हळूच म्हणाले, "पाव्हणं, गावात मला कुनी इच्यारलं का? का न्हाई आला म्हनून?"

मी त्यांच्याकडे बघितलं.

"विचारलं की," मी म्हणालो. "सगळ्यांनी विचारलं."

मामांनी मान हलवली. मग काठी भिंतीला टेकवून ठेवली, आणि आत बघून मामींना म्हणाले, "आगं, पाव्हणं गावाकडनं आल्यात. चा टाक."